बापूसाहेबांच्या गाडीचा मक्ता

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरी करणारा माणूस घरी आला की आधी अंगणात उभा राहून कपडे झटकतो. शर्ट झटकतो, पँट झटकतो, डोकं झटकतो. तरी जेवायला बसलं की कुठून तरी कापसाचा एक पुंजका निघतोच. कानातून, खिशातून, चष्म्याच्या डबीतून! माझी बायको म्हणायची, "अर्धी जिनिंग तर तुमी घरीच आनली!" किस्स्यांचंही तसंच झालं. मी काही ते जमवायला गेलो नव्हतो. पांढरकवड्याच्या बाहेर, केळापूरच्या रस्त्याला बापूसाहेबांची जिनिंग होती, तिथं मी मॅनेजर होतो, आणि ते आपोआप चिकटत गेले. जिनिंगचं आता गोडाऊन झालंय. पण चार मित्र जमले आणि कोणी म्हणालं, "ती गाडीची भानगड सांगा ना," की एकामागून एक पुंजके निघायला लागतात.

मॅनेजर म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. मालकाच्या डोक्यात जे येईल ते कागदावर उतरवायचं, आणि कागदावर जे असेल ते मालकाच्या डोक्यात उतरवायचं. पहिलं काम सोपं असतं. पगार दुसऱ्या कामाचा मिळतो.

बापूसाहेब माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही भलताच समज करून घ्याल. कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, कपाळाला अष्टगंध, आणि आपण बोललो ते खरंच असणार असा गाढ विश्वास. जिनिंगखेरीज जमीनही बक्कळ होती, पण स्वतः कसायचे नाहीत. सगळी मक्त्यानं द्यायचे.

* * *

गाडीचं वेड लागलं ते वणीच्या एका लग्नात. बापूसाहेबांचा साडू तिकडचाच, मोठा कंत्राटदार. साडू या नात्याची गंमत अशी की दोघांचं सासर एकच. त्यामुळे मापंही एकाच दारात काढली जातात. ताटात आधी वरण कोणाच्या पडलं, इथपासून सुरुवात!

बापूसाहेब आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, लग्नाला आपल्या जुन्या जीपमधून गेले. जीप चालवायला रफिक. त्याच जीपमधून आठवडाभर ढेपीची, म्हणजे सरकीच्या पेंडीची, पोती वाहिलेली, त्यामुळे आत बसलं की म्हशीला भूक लागावी असा वास. वहिनी मंडपाच्या दारात उतरल्या. तिथं शिट्टीवाला उभा होता. त्यानं जीपकडे एकदा पाहिलं, शिट्टी फुंकली आणि डावीकडे हात केला. डावीकडे एक मोकळं वावर होतं. त्यात ट्रॅक्टर, मालवाहू ऑटो आणि वाजंत्र्यांचा टेम्पो. कुठला तरी पाइप फुटून त्या वावरात पाणी शिरलेलं, आणि आपली काळी माती ओली झाली की काय करते हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेवढ्यात साडूची गाडी आली. लांबलचक, पांढरी, आवाज नाही काही नाही. शिट्टीवाल्यानं शिट्टी तोंडातून काढली, सलाम ठोकला, आणि मंडपातल्या खुर्च्या सरकवून गाडी थेट आत घेतली. नवरदेव अजून बाहेरच होता!

बापूसाहेब त्या वावरातून चालत मंडपात पोचले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत काळा, आणि एक चप्पल मातीनं ठेवून घेतलेली. साडू, सासरची मंडळी, सगळी बघत होती. वहिनींनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं,

"आले का वखरून?"

* * *

ते वर्ष कापसाचं फार वाईट गेलं होतं. बोंड वरून पाहावं तर टवटवीत, हातानं फोडावं तर आत गुलाबी अळी आणि कवडीसारखा पिवळा कापूस. शेतात कापूस नाही म्हटल्यावर जिनिंगला कुठून येणार? मशीन दिवसच्या दिवस बंद असायची. ती शांतता मला खायला उठायची, खोटं कशाला सांगू.

बापूसाहेबांनी सगळ्या स्टाफची मीटिंग घेतली. "अळीचं वर्ष हाय. काटकसर करा लागते," ते म्हणाले. "आजपासून चहा एकच टाइम. साखर कमी. माणूस खोलीत नसला तं पंखा बंद. मी घरी बी हेच सांगतलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीटिंग संपली. मला थांबवून त्यांनी खिशातून एक घडी केलेलं ब्रोशर काढलं. नागपूरच्या कुठल्या तरी शोरूमचं. आत साडूच्या गाडीपेक्षा हातभर लांब गाडी!

"याच्या रंगीत कॉप्या काढून आना," म्हणाले. "अन् नीट धरा. घामानं खराब होते ते."

मग त्यांनी ते ब्रोशर टेबलावर सरळ करून ठेवलं, माझ्याबरोबर बाहेर आले, दाराशी थबकले, परत आत गेले आणि पंखा चालू करून आले.

* * *

शोरूमचा माणूस नागपूरहून आला. गळ्यात टाय, हातात टॅबलेट, बोलण्यात दर वाक्याला दोनदा "सर". आम्ही त्याला टायवालाच म्हणायचो. त्याचं म्हणणं असं, की एवढी महागडी गाडी हल्ली कोणी विकत घेत नाही, लीजवर घेतात.

"सर, गाडी कंपनीच्या नावावर. तीन वर्षं तुम्ही वापरायची. मुदत संपली की परत. नंतर नवं मॉडेल!"

"म्हंजे पैसे माहे अन् गाडी त्यायची?"

"सर, तुम्हाला ओनरशिपचं टेन्शनच नाही!"

बापूसाहेबांना जन्मात ज्या एका गोष्टीचं टेन्शन आलं नव्हतं ती म्हणजे ओनरशिप. ते भडकले. टायवाल्यानं टॅबलेटवर आलेख दाखवले, डेप्रिसिएशन सांगितलं, रेसिड्युअल व्हॅल्यू सांगितली. मी मध्ये पडून मराठीत सांगायला गेलो तर अजूनच घोळ झाला. अर्धा तास असा गेल्यावर बापूसाहेबांनी एकदम टेबलावर थाप मारली.

"थांबा, थांबा! वस्तू मालकाची, वापरनाऱ्यानं ठरल्या मुदतीले वापराची, मुदत संपली का चूपचाप वापस. हे तं मक्ता झाला! एवढं इंग्रजी कायले झाडता? गाडीचा मक्ता म्हना ना सरळ!"

टायवाल्याला मक्ता माहीत नव्हता. बापूसाहेबांनी मोठ्या प्रेमानं त्याला समजावून सांगितला. आमच्याकडे ज्याला वावर नाही, किंवा थोडंच आहे, तो दुसऱ्याचं वावर वर्षभरासाठी मक्त्यानं घेतो. गुढीपाडव्याला बोली होते. मक्ता पूर्ण, एकदम आणि आधी. मग पीक येवो, न येवो.

"अन् नाही आलं तर, सर?"

बापूसाहेब खुर्चीत मागे रेलले. हे वाक्य त्यांचं ठरलेलं होतं, दरवर्षी कोणा ना कोणाला ते ऐकवायचे. "पाऊस म्या नाही पाडला. अळी म्या नाही पाळली. मक्ता म्हंजे मक्ता! आभाळाचं आभाळाशी बोला, मधात मले आनू नका."

टायवाल्यानं कौतुकानं मान हलवली. "सर, आमची पॉलिसी एक्झॅक्टली अशीच आहे."

आणि बापूसाहेब इतके खूश झाले, की त्याला दुसऱ्यांदा चहा पाजला. साखरेचा!

* * *

आता प्रश्न आला पैसे कसे द्यायचे. एक तर महिन्याच्या महिन्याला हप्ता, नाहीतर तीन वर्षांचे सगळे पैसे एकदम. एकदम दिले तर एकूण रक्कम कमी.

मला वाटलं मालक महिन्याचा मार्ग धरतील. वर्ष असं, मशीन बंद. पण हप्ता हा शब्दच त्यांना सहन होईना. "हप्ता मिक्सरचा असते, सोफ्याचा असते," ते म्हणाले. "साडूले समजलं का मी हप्ता भरून राह्यलो, तं वणीत तोंड दाखवाले जागा नाही."

तरी मी हट्टानं टायवाल्याला कागद तपासायला लावले. म्हटलं, निदान तुलना तरी होईल. इन्कम टॅक्सचे रिटर्न टायवाल्यानं पाहिले. मग चष्मा काढून पुन्हा पाहिले.

"सर... कागदावर तुमची जिनिंग तोट्यात आहे."

"हाय ना."

"गेली काही वर्षं."

"सुरू झाली तेव्हापासून!" बापूसाहेब अभिमानानं म्हणाले. यवतमाळच्या त्यांच्या सीएचं ते कसब होतं. "अन् बाकीचं शेतीचं उत्पन्न. मी तं कागदावर साधा शेतकरी मानूस."

टायवाला अवघडला. म्हणाला, असं असेल तर महिन्याच्या हप्त्याला कंपनी मंजुरी देणार नाही. एकदम भरले तर प्रश्न नाही, कोणी काही विचारत नाही. पण हप्त्यालाच हवं असेल, तर एक जामीनदार लागेल. नियमित पगाराचा माणूस. मग त्यानं खोलीभर नजर फिरवली, आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"सर, हे तुमचे मॅनेजर चालतील की!"

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाला पंखा लावायचा तर मालकाला विचारावं लागे, तो मालकाला जामीन!

"एकदमच भरू," बापूसाहेब म्हणाले.

* * *

एकदम भरायचे म्हणजे एकदम जमवायचे. बापूसाहेबांनी फर्मान काढलं, की एरवी चार-आठ दिवस पुढेमागे चालायचं, पण यंदा सगळे मक्ते पाडव्याच्या दिवशी रोख आणि पूर्ण. कोणाला सवलत नाही.

दुसऱ्याच दिवशी कमलाबाई आली. ही आमच्या नाल्याकाठच्या वावराची मक्तेदार. नवरा हैदराबादकडे बांधकामावर, शेतीचं सगळं हिच्या अंगावर. ते वावर तिनं घेतलं तेव्हा कुंद्यानं, म्हणजे खोल मुळांच्या चिवट गवतानं, इतकं भरलेलं होतं, की फुकट दिलं तरी कोणी घेतलं नसतं. ती आणि तिची सासू उन्हाळाभर कुदळ घेऊन तो कुंदा मुळासकट खणत होत्या, मी डोळ्यांनी पाहिलंय. बांध घातला, दगड वेचले. आता ते वावर आमच्याकडे सगळ्यात चांगलं होतं, आणि म्हणूनच त्यावर आणखी दोघांचा डोळा होता. गेल्या सालाचा कापूस अळीनं खाल्ला तेव्हा ती भरलेल्या मक्त्यातले थोडे पैसे परत मागायला आली होती. तिला 'अळी म्या नाही पाळली' हे वाक्य ऐकायला मिळालं होतं.

"जयभीम, मॅनेजरसाहेब. बापूसाहेब हायेत नं?"

ती आत गेली, खाली बसली नाही, उभ्यानंच बोलली. "बापूसाहेब, अवंदा निम्मे पाडव्याले घ्या, निम्मे सीतादहीले. सारेच्या सारे देते, पन दोनदा देते."

कापसाचा पहिला वेचा करायच्या आधी वावरात दहीभात ठेवून पूजा करतात, ती सीतादही. म्हणजे घरात कापूस यायला लागला की बाकीचे. मागणी अगदी साधी होती. मला तर वाटलं, मालक हो म्हणतील.

"नाही जमत," बापूसाहेब म्हणाले. "मलेच एका जागी एकदम भरा लागते. पाडव्याले पूर्ण आनजो. नाही तं दुसरे दोघं तयार हायेत, तुले माहीत हाय."

"माहीत हाय," कमलाबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "वावर गेलं तं म्या काय कुदळ घेऊन पुन्हा दुसऱ्याचा कुंदा खनू? तुमी एकदम कुठी भरून राह्यले पन एवढं?"

बापूसाहेबांना राहवलं नाही. त्यांनी ब्रोशर तिच्यापुढे सरकवलं. तिनं ते हातात न घेता वाकून, नीट, बराच वेळ पाहिलं. एखादा बैल बाजारात पाहावा तसं.

"आंग चांगलं हाय," ती म्हणाली. "पन पोट भुईले टेकलं. नाल्यावर आनसान तं ढेकलं लागतीन."

"नाल्यावर आनाची गाडी नाही ते!"

"मंग नेता कुठी?" कमलाबाईनं अगदी मनापासून विचारलं. "आपल्याकडं दुसरं हाय काय?"

* * *

तिचं बोलणं बापूसाहेबांना लागलं असावं. त्यांनी टायवाल्याला फोन करून सांगितलं, गाडी इकडे आणून चालवून दाखवा, आमच्या रस्त्यानं, आमच्या गावात.

गाडी आली. रफिकनं हात पुसले, बिस्मिल्ला म्हणून आत बसला आणि चावी कुठं घालायची ते शोधायला लागला. चावीला भोकच नव्हतं! टायवाल्यानं बटण दाबलं, तरी गाडी चालू झाली हेच रफिकला पटेना, इंजिनचा आवाज नाही. खाली उतरून बॉनेटला कान लावून आला. "साहब, चालू है बोलते, पर सांस नहीं ले रही."

बापूसाहेब मागे खिडकीशी बसले, शेजारी वहिनी, आणि पलीकडे अंग चोरून मी. टायवाल्याला त्यांनी एकच तांत्रिक प्रश्न विचारला, "डिक्कीत ढेपीची पोती किती मावतीन?" टायवाल्याला ढेप म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही.

गाडी हलली तशी आतून एक बाई गोड आवाजात इंग्रजीत बोलली. रफिक दचकून म्हणाला, "जी मॅडम!" टायवाल्यानं सांगितलं, मागच्यांनी पट्टे बांधा असं ती म्हणते. बापूसाहेबांनी लगोलग पट्टा ओढून बांधला.

वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून माह्यं एक ऐकलं नाही. अन् इनं एकदा म्हटलं तं लगेच!"

हायवेवर गाडी लोण्यासारखी गेली. बापूसाहेबांचा चेहरा असा झाला होता, की मलाही वाटलं, घेऊन टाका बुवा एकदाची. मग आम्ही बापूसाहेबांच्या गावाकडे वळलो. ग्रामपंचायतीसमोर रस्त्यावर स्पीडब्रेकर आहे. पुढची चाकं चढली, उतरली, आणि गाडी पोटावर बसली. पुढे जाईना, मागे येईना. पुढची चाकं एका बाजूला, मागची दुसऱ्या बाजूला, मध्ये ब्रेकर. आतली बाई इंग्रजीत काहीतरी सारखं सांगत होती.

"कोन मूर्खानं बांधला रे हा एवढा उंच?" बापूसाहेब काच खाली करून ओरडले.

आता गाव जमलं होतं. सगळ्यांना उत्तर माहीत होतं, पण बोलायला कोणी तयार नव्हतं. बापूसाहेब सरपंच होते तेव्हा वाळूचे ट्रक जोरात जातात म्हणून त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून, "अजून चढव, अजून चढव" करत तो बांधून घेतला होता. ब्रेकरच्या कडेला उद्घाटनाची फरशीही होती. वहिनी काचेतून ती फरशी मोठ्यानं वाचायला लागल्या, तेव्हा बापूसाहेबांनी काच वर घेतली.

शेवटी वावरातून परत येणाऱ्या बायांनी गाडी उचलली. पुढे कमलाबाई. "लावा वं बायांनो हात! आतल्यायले उतरू द्या आंधी!" बापूसाहेब उतरले, वहिनींना हात देऊन ओढून काढावं लागलं, सीट इतकी खोल. "बसनं सोपं, उठनं कठीन," त्या म्हणाल्या. बायांनी एक, दोन, तीन म्हणत गाडी अशी अलगद बाजूला ठेवली, की टायवाल्यानं पाकीट काढलं.

कमलाबाईनं पैसे घेतले नाहीत. हात झटकत ती म्हणाली, "राहू द्या. ढेकलानंच लागलं असतं, हे तं सिमिटानं लागलं."

* * *

एवढं होऊनही गाडीचा नाद सुटला नाही. उलट, गावानं पाहिलं म्हटल्यावर आता माघार नाही, असं झालं. पाडव्याला करार करायचं ठरलं. आणि पाडव्यालाच मक्त्याचीही बोली.

तो पाडवा मला लख्ख आठवतो. ऑफिसच्या खिडकीला गुढी उभारलेली, गाठीचा हार लोंबतोय, टेबलावर पेढ्यांचा बॉक्स. टेबलाच्या एका बाजूला टायवाला, करार पसरून. दुसऱ्या बाजूला बाकावर कमलाबाई, मांडीवर कापडी पिशवी. रफिक दाराशी. गाडी आणायला नागपूरला जायचं म्हणून त्यानं नवा शर्ट घातला होता.

मी पिशवीकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं मान नकारार्थी हलवली. पिशवीत निम्मेच होते. ते दुसरे दोघं बाहेर ओट्यावरच बसले होते, पूर्ण पैसे घेऊन.

"आधी गाडीचं उरकू," बापूसाहेब म्हणाले. पेन उघडलं. सही करायच्या आधी सहज विचारावं तसं विचारलं, "एक सांगा. समजा, पहिल्याच महिन्यात ठोकली गाडी. ट्रकनं चक्काचूर केली. तं मंग?"

"सर, इन्शुरन्स आहे ना! गाडीची किंमत इन्शुरन्सवाले कंपनीला देतील."

"कंपनीले?"

"गाडी कंपनीची ना, सर."

"अन् माहे? मी तं तीन वर्षांचे भरले."

टायवाल्यानं कराराचं एक पान उलटलं, बोट ठेवलं. "ते परत मिळत नाहीत, सर."

बापूसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हंजे एकच महिना वापरली, बाकीची वापरलीच नाही, गाडी बी नाही, तरी सारे पैसे गेले?"

"सर, अॅक्सिडेंट कंपनीनं तर नाही केला."

"पन म्या बी नाही केला ना! ट्रकनं केला!"

"मग ते सर तुम्ही ट्रकवाल्याशी बोला," टायवाला नम्रपणे म्हणाला. "कंपनीला त्यात कसं आणता येईल?"

खोलीत एकदम काहीतरी झालं. रफिकनं मान खाली घातली. मी पेढ्यांच्या बॉक्सची सुतळी सोडायला लागलो. बापूसाहेबांना मात्र अजून काही कळलेलं नव्हतं. ते उभे राहिले, लालबुंद.

"हा कोनता न्याय हाय? मानसानं पैसे आंधी मोजले, त्याच्या हाती काहीच आलं नाही, त्याचा काही कसूर नाही, अन् तुमी म्हनता मक्ता म्हंजे..."

आणि ते थांबले. हळूहळू खाली बसले.

टायवाल्याला वाटलं, ग्राहक हातचा गेला. तो घाईनं म्हणाला, "सर, एवढी काळजी वाटत असेल तर हप्त्यानं घ्या ना! थोडे आता, बाकीचे वापराल तसे. म्हणजे नुकसान झालं तरी सगळं जात नाही. फक्त तो जामीनदार..."

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुढीकडे पाहिलं. रफिक तर दाराबाहेरच गेला.

तेवढ्यात बाकावरून कमलाबाई उठली. ती थट्टा करत होती का, हे मला आजही सांगता येणार नाही. चेहरा अगदी सरळ होता. पदर सावरला, टेबलापाशी आली आणि टायवाल्याला म्हणाली,

"घ्या नं साहेब त्यायचे निम्मे आता, निम्मे सीतादहीले. पैशाले खरा मानूस हाय, कोनाचं बुडवत नाही. पाह्यजेन तं मी राह्यते जामीन."

कोणी हसलं नाही. बापूसाहेबांनी चष्मा काढला, कुर्त्याच्या टोकानं पुसला, परत घातला. करार उचलून टायवाल्याच्या हातात दिला, आणि वर एक पेढा ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"मॅनेजर, निम्म्याची पावती फाडा."

"कोणाच्या नावानं, साहेब?"

"जामीनदाराच्या!"